पी. पी. खरात

आमच्या चाळीतल्या कितीतरी लग्नपत्रिकांवर आमचं आडनाव छापलेलं आहे. त्या लग्नांशी आमचा तसा काही संबंध नव्हता. वर राऊळांचा, वधू परबांची, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक फोन नंबर, त्याच्यापुढे 'पी. पी. खरात'. ते खरात म्हणजे आम्ही. पी. पी. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, तुम्ही लावा, ते बोलावून देतील. आणि बोलावून देणारी म्हणजे माझी आई, मीरा खरात.

घाटकोपरला भटवाडीत, डोंगराच्या अंगावर चढत गेलेली आमची चाळ. माझे वडील, खंडू खरात, टेलिफोन खात्यात लाइनमन होते, म्हणून अख्ख्या डोंगरावर पहिला फोन आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आला. वडिलांना त्याचा अभिमान होता, पण ते दिवसभर खांबांवर. फोनशी संसार केला तो आईने. ती शेवगावकडची. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा तिने फोन कधी कानाला लावला नव्हता. सकाळी बालवाडीत मदतनीस म्हणून जायची, पोरांची नाकं पुसून परत यायची, आणि मग दुपारपासून चाळीचे निरोप वाहायची.

निरोपांच्या बाबतीत तिचे कायदे कडक होते. पहिला म्हणजे निरोप शिळा करायचा नाही. हाताला पीठ असलं तर पिठाच्या हाताने जायचं. दुसरा, निरोपात आपलं मीठ घालायचं नाही. कोणाचा मुलगा दहावीला नापास झाला असं कळलं, तर ती दारात उभी राहून "नापास झालाय" एवढंच सांगायची. "बिचारा" नाही आणि "अभ्यास कुठे करायचा" हेही नाही. चाळीत इतक्या बायका असून सगळ्या गावांनी तिच्यावरच विश्वास का टाकला, ते यावरून समजावं.

तिसरा कायदा तांब्याचा. वाईट बातमी असली की ती तांब्याभर पाणी घेऊन निघायची. वाईट ऐकल्यावर माणसाचा घसा आधी कोरडा पडतो, मग डोळे भरतात, असं तिचं म्हणणं. त्यामुळे चाळ तिच्या हाताकडे बघायची. तांब्या घेऊन मीराबाई जिन्यावर दिसली की गॅलरीतल्या बायका गप्प व्हायच्या, आणि ती आपल्या दारावरून पुढे गेली की सुस्कारा सोडायच्या. एकदा ती नुसतंच कोणाला तरी प्यायला पाणी नेत होती, तर वरच्या मजल्यावरच्या एका काकूंनी तिला लांबूनच पाहून रडायला सुरुवात केली. त्यांना गप्प करता करता आईची संध्याकाळ गेली.

मग मोबाइल आले आणि तो फोन मुका झाला. वडीलही गेले. मी, त्यांची मुलगी मित्रा, मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हा पहिली सूचना हीच केली की आई, आता हे डबडं काढून टाक. ती म्हणाली, "वाजतो अजून."

"कधी वाजतो? वर्षातून एकदा."

"एकदा वाजतो ना? मग झालं."

ते एकदा म्हणजे गणेश चतुर्थीला. आमच्या भिंतीला भिंत लागून वनमालाकाकू राऊळ राहतात. कुडाळच्या बाजूच्या. त्यांचे यजमान आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमनकी केली, आणि चार वर्षांपूर्वी तेही गेले. गावाला काकूंच्या थोरल्या जाऊबाई, जानकीकाकी. काकू लग्न होऊन गेल्या तेव्हा अजाण वयाच्या होत्या. या जावेने त्यांना भाकरी थापण्यापासून भांडायला कसं उभं राहायचं इथपर्यंत सगळं शिकवलं. जानकीकाकींना मोबाइल वापरता येत नव्हता. आमचा जुना नंबर मात्र तोंडपाठ. दर चतुर्थीला, दुपारची आरती झाली की आमचा फोन खणखणायचा. आईने उचलून "आले हं" म्हणायच्या आत काकू हाताची हळद पदराला पुसत दारात हजर असायच्या.

पलीकडून दोनच प्रश्न. इतक्या मोठ्याने की रिसिव्हर आईच्या हातात असला तरी मला ऐकू यायचे.

"बसले मा गो गणपती?"

"बसले, वैनी."

"दोघंय झील इले मा?"

झील म्हणजे मुलगे, इले म्हणजे आले. थोरला सुशांत जोगेश्वरीला राहतो, धाकटा हर्षद मानखुर्दला. वडील असेपर्यंत या प्रश्नाला "इलेत" असं उत्तर जायचं. ते गेल्यावर पहिल्याच गणपतीला भावांचं वाजलं. सुशांत म्हणाला, मी थोरला, गणपती आता माझ्या घरी बसेल. हर्षद म्हणाला, आई आहे तिथे गणपती, तुला न्यायचा असेल तर आईला पण ने. काकू दोघांच्या मधे उभ्या राहून ऐकत होत्या. गणपती हलला नाही, पण भाऊ हलले. त्यानंतर सुशांत सकाळी यायचा आणि हर्षद संध्याकाळी. एकमेकांची चप्पल दारात दिसली तरी जिन्यावरूनच परत फिरायचे. काकूंनी प्रसादाचे दोन वेगळे डबे केले. आणि फोनवर त्या म्हणायला लागल्या, "येतील, वैनी."

मी लहानपणापासून यांच्यात वाढले, तरी एक सांगितलं पाहिजे. आम्ही बौद्ध. आई गणपतीला हात जोडत नाही, आरतीला उभी राहत नाही, आणि काकूंनी तिला कधी उभं राहा म्हटलं नाही. आरती संपली की भिंतीवर दोनदा थाप पडते. ती थाप म्हणजे पानं मांडली आहेत, या. वैशाखी पौर्णिमेला आमच्याकडची खीर काकूंच्या पातेल्यात शिजते, कारण एवढं मोठं पातेलं चाळीत त्यांच्याकडेच आहे, आणि खीर खाली लागू नये म्हणून ढवळायलाही त्याच बसतात. यावर कोणी कधी भाषण केलं नाही. पातेलं धुऊन परत जातं, एवढंच.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी काकूंनी दोन्ही मुलांना वेगवेगळा फोन करून एकच वाक्य ऐकवलं. "दोघांनी मिळून आणायचा आणि गौरीबरोबर दोघांनी मिळून पोचवायचा. तोपर्यंत दोघंही इथेच राहायचं. जमत नसेल तर मी या वर्षी आणतच नाही." काकू धमक्या देणाऱ्यांतल्या नाहीत, त्यामुळे दोघेही घाबरले. दोघांनीही रजा टाकली. काकू आनंदाने इतक्या सैरभैर झाल्या की आठवडाभर रोज काहीतरी विसरून आमच्याकडे मागायला यायच्या आणि काय मागायला आलो तेही विसरायच्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आमचा फोन वाजला.

मी घरीच होते. आई पंचशील म्हणून नुकतीच उठली होती. फोन एक दिवस आधी कसा, म्हणून आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आईने उचलला. "हं," म्हणाली. मग "कधी?" आणि पुन्हा "हं." फोन ठेवून ती सरळ माठाकडे गेली, तांब्या भरला, दारापर्यंत गेली. उंबऱ्यात एक पाय बाहेर टाकून ती थांबली. मग मागे आली आणि तांब्यातलं पाणी पुन्हा माठात ओतलं. आईला मी असं करताना जन्मात पाहिलं नव्हतं.

फोन जानकीकाकींच्या मुलाचा, नितेशचा होता. जानकीकाकी पहाटे झोपेतच गेल्या होत्या. नितेश म्हणाला होता, "मावशी, तुमका सांगतंय, कारण तुम्ही आमच्या सुतकात नाय. काकीक गणपती गेल्यावर सांगा. भावकीत कोणाकच कळवूक नाय."

ही कोकणातली रीत. भावकीत कोणी गेलं की सगळ्या भावकीला सुतक, आणि सुतकात गणपती बसत नाही. पण सुतक कानावर आल्याशिवाय लागत नाही. म्हणून ऐन गणपतीत कोणी गेलं की बातमी सुतकाबाहेरच्या माणसाकडे ठेवायला देतात, जशी गावाला जाताना किल्ली शेजारी देतात. विसर्जन झालं की ती बातमी घरी पोचते. तोवर ती सांभाळायची जबाबदारी त्या परक्याची.

मी भडकले. माझा स्वभावच तसा, डोकं आधी तापतं आणि मग चालतं. "आई, सुतक-बितक आपण मानत नाही. मग त्यांचं सुतक आपण का सांभाळायचं? त्यांची सख्खी जाऊ गेलीय. सांगून टाक. गणपती काय, नंतर साखरचौथीला पण बसवतात म्हणे."

"नंतर बसवला तर ती दोघं येतील का?"

सुशांतदादाची रजा आणि हर्षददादाचा हट्ट, दोन्ही मला माहीत होते.

"मी सुतक नाही सांभाळत, मित्रा," आई म्हणाली. "दोन भाऊ सांभाळतेय."

"आणि काकूंनी तुला विचारलं तर? गावाहून फोन आला का म्हणून?"

खोटं न बोलण्याचं शील आई रोज सकाळी तोंडाने म्हणते, आणि तोंडाने म्हटलेलं दिवसभर पाळते. बालवाडीतल्या पोरांनाही ती "इंजेक्शन दुखणार नाही" असं कधी म्हणाली नाही. "दुखेल, पण थोडंच" म्हणायची, आणि पोरं हात पुढे करायची. अशी बाई आता तोंडात एक मेलेलं माणूस लपवून बसली होती.

दुपारी काकू आल्याच. हातात प्लास्टिकच्या पिशवीत नवं लुगडं. "मीरे, बघ गं. वैनीसाठी घेतलं. गणपती गेले की दोघांना घेऊन गावी जाते. तिला म्हणते, घे बाई, मोजून घे तुझे झील. हिरवा शोभेल ना तिला?"

आईने लुगड्यावरून हात फिरवला. "रंग चांगला आहे," ती म्हणाली. तेवढं खरं होतं. काकू गेल्यावर ती मोरीत जाऊन उगाच भांडी घासत बसली, आणि मी घासलेली भांडीही तिने पुन्हा घासली.

चतुर्थीला सकाळी भाऊ आले. एकाच वेळी नव्हे, पण एकाच वेळी घरात होते. गणपती दोघांनी मिळून आणला म्हणजे काय, तर सुशांतदादाने मूर्ती धरली आणि हर्षददादा छत्री धरून मागून चालला, आणि दोघेही रस्त्याशी बोलले. खोलीत तर आणखीच पंचाईत. दोघेही भिंतीला टेकून आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. काकू मधून फिरताना दोघांच्या पायांना ठेचकाळत होत्या आणि खूश होत्या.

मग माटवी बांधायची वेळ आली. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगायची लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळे, नारळ, काकडी, सुपारीचा घोस, रानातली तांबडी कवंडळं असं सगळं लटकवायचं. राऊळांची माटवी काकांनी गिरणीत असताना स्वतः केलेली, आणि भारी वजनदार. एका माणसाने ती बांधताच येत नाही. दोन बाजूंना दोन स्टुलं लागतात, आणि दोघांनी एकाच वेळी उचलून एकाच वेळी गाठ मारावी लागते. गेली तीन वर्षं एका बाजूला सुशांतदादा असायचा आणि दुसऱ्या बाजूला मी.

मी सवयीने स्टुलाकडे निघाले. आईने माझा दंड धरला. गणपती अजून बसायचा होता, पूजा-आरती सुरू झाली नव्हती, म्हणून ती काकूंच्या उंबऱ्याशी येऊन उभी होती. "तुझा हात दुखतोय ना," ती म्हणाली. माझा हात अजिबात दुखत नव्हता, पण तिने तो असा काही दाबला होता की दुखायला लागला. म्हणजे तेही खोटं झालं नाही. "दुखतोय," मी म्हटलं.

काकूंनी हर्षदकडे पाहिलं. तो उठला. दोघे भाऊ दोन स्टुलांवर चढले, माटवी उचलली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. वर बघायचं सोडून दोघेही भिंतीकडे बघत होते. माटवी तिरकी झाली. एक नारळ डुगडुगायला लागला, बरोबर गणपतीच्या रिकाम्या पाटावर.

"वर घे," सुशांतदादा म्हणाला.

"वरच आहे. तुझी बाजू खाली आहे."

"माझी खाली? डोळे तपास."

"तू उंची तपास."

काकू हसल्या. सगळ्यात आधी त्या हसल्या, मग सुशांतदादाची मुलगी, मग मी. हर्षददादाने ओठ दाबून धरले होते, पण खांदे हलत होते, आणि त्याच्याबरोबर माटवी हलत होती. "अरे हसू नको, पडेल," सुशांतदादा ओरडला आणि स्वतःच हसला. तीन वर्षांत दोघांनी एकमेकांना उद्देशून काढलेले ते पहिले शब्द. मी आईकडे बघितलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती. सगळ्यांना वाटलं तीही हसतेय.

दुपारची आरती झाली. भिंतीवर थाप पडायच्या आधीच आई आमच्या फोनपाशी जाऊन बसली. फोन वाजणार नव्हता, हे तिला माहीत होतं. ती वाट बघत होती काकूंची. दरवर्षीप्रमाणे त्या हळदीचा हात पुसत येतील, मुक्या फोनकडे बघतील आणि विचारतील, आणि मग सांगण्यावाचून मार्ग राहणार नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले.

काकू आल्या नाहीत. नात आली, मोदकांची ताटली घेऊन. "आजी म्हणाली, गरम आहेत तोवर खा. आणि जेवायला या."

"घाईत विसरली वाटतं," आई म्हणाली, आणि इतका मोठा श्वास सोडला की मोदकावरची वाफ हलली. पण तिने मोदक खाल्ला नाही. म्हणाली, तिच्या घरचं दुःख माझ्याकडे ठेवलंय, आणि तिच्याच घरचं गोड कसं खाऊ. मग मी दोघींच्या वाटणीचे खाल्ले.

पुढचे दिवस आईने पळापळीत काढले. वर्षावास चालू होता, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत विहारात रोज ग्रंथवाचन असतं. एरवी ती तासभर जाऊन यायची. आता ती सगळ्यांच्या आधी जायची आणि सतरंज्या घडी करून, झाडून काढून, कुलूप लावेपर्यंत थांबायची. विहारातल्या बायकांना वाटलं, मीराबाईंची श्रद्धा अचानक वाढली. घरी असली की तिचा कान भिंतीला. पलीकडे टाळ्या-झांजा चालू असत. हर्षददादा आरती रिक्षासारखी पळवतो आणि सुशांतदादा बैलगाडीसारखी ओढतो, यावरून रोज वाद व्हायचा. आणि वाद व्हायचा म्हणजे बोलणं व्हायचं. एका संध्याकाळी दोघे गॅलरीत पायरीवर बसून वडिलांच्या वॉचमनकीच्या शिट्टीची आठवण काढत होते. ती शिट्टी दोघांनाही हवी होती आणि आता कुठे गेली ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. ऐकून आई आत येऊन म्हणाली, "अजून थोडेच दिवस." ते कोणाला म्हणाली कोण जाणे.

एकदा मात्र वाट लागायची वेळ आली. गौरी जेवल्या त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे पानावर होतो. सुशांतदादा वाढता वाढता सहज म्हणाला, "मीरामावशी, या वेळी मोठ्या आईचा फोन नाही आला का गं चतुर्थीला?"

आईचा घास हातात राहिला. तिने तोंड उघडलं. मला कळलं, ती आता खरं सांगणार, दुसरं तिला येतच नाही. तेवढ्यात काकू चुलीकडून, म्हणजे गॅसकडून, जोरात म्हणाल्या, "अरे, गावाला लाइट नसेल, फोन बंद असेल. तू गप्प वाढ. आंबोळी थंड होतेय. हर्षद, मावशीला घावणं दे." आणि वर मलाच दटावलं, "तू काय बघत बसलीस, जेव." सुशांतदादा वाढायला लागला. आईने घास तोंडात घातला. घरी आल्यावर मी म्हटलं, नशीब म्हणायचं.

गौरी-गणपती निघाले. पालिकेने मैदानात केलेल्या तलावापर्यंत मूर्ती दोघा भावांनी आळीपाळीने डोक्यावर नेली, आणि दर थोड्या अंतरावर "आता दे इकडे" म्हणून भांडले. परत आले तेव्हा दोघांच्या पँटी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या आणि पाटावर तलावाकाठची मूठभर माती. रिकाम्या पाटावर दिवा लावून झाला. भिंतीपलीकडचा आवाज थंडावला.

आई उठली. माठातून तांब्या भरला. पुसला. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पण चल. मला एकटीला जमायचं नाही." इतकी वर्षं निरोप वाहणारी बाई, पण हा निरोप तिने शिळा केला होता, आणि तो आता तिला उचलत नव्हता.

आम्ही बाहेर पडलो तर काकू आपल्या उंबऱ्यातच उभ्या होत्या, जणू आमचीच वाट बघत. त्यांनी आईच्या हातातला तांब्या पाहिला. त्यांचा चेहरा बदलला नाही. फक्त त्यांनी एक हात दाराच्या चौकटीला धरला.

"वनमाला," आई म्हणाली, "मला तुला एक..."

"थांब," काकू म्हणाल्या. "तो तांब्या खाली ठेव. आधी फोन लाव."

"कुठे?"

"गावच्या घरी. नंबर तुला पाठ आहे."

आई तिच्याकडे बघतच राहिली. तिच्या हातातला तांब्या मी घेतला, नाहीतर सांडला असता. "तुला माहीत होतं," आई कशीबशी म्हणाली.

"मला कोणी काही सांगितलं नाही. माझ्या कानावर काही आलं नाही. गणपतीच्या बाबतीत माझं मन साफ आहे." काकूंचा आवाज जरा घसरला, मग त्यांनी तो सावरला. "चतुर्थीला आरती झाली, कान तुझ्या भिंतीकडे होते. फोन वाजला नाही. चाळीस वर्षांत एकदा नाही असं झालं. मी निघाले होते विचारायला. मग वाटलं, मी विचारलं तर तू खोटं बोलणार नाहीस. तुझं शील मोडायचं, नाहीतर माझा गणपती उठायचा. म्हणून विचारलंच नाही, मीरे. तू विहारात सतरंज्या झाडत बसलीस ते पण मला कळत होतं."

आईला रडू फुटलं. बातमी सांगायला आलेली रडतेय आणि जिला सांगायची ती तिचा खांदा थोपटतेय, असा तो उलटा प्रकार. मला दोघींचाही राग आला, आणि दोघींवरही इतकं प्रेम आलं की मी तांब्यातलं पाणी स्वतःच दोन घोट प्यायले.

मागे सुशांतदादा आणि हर्षददादा दारात आले. त्यांना काही समजलं नव्हतं, पण समजायला लागलं होतं. काकूंनी त्यांना हातानेच "या" म्हटलं. सगळे आमच्या खोलीत आलो. आईने डोळे पुसले आणि नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत असल्याचं शांततेत सगळ्यांना ऐकू येत होतं. तिने रिसिव्हर काकूंच्या हातात दिला.

पलीकडून नितेशचा आवाज आला, "हॅलो? कोण? काकी?"

काकूंनी त्याला उत्तर दिलं नाही. दोन्ही मुलांकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग जानकीकाकी जशा मोठ्याने बोलायच्या तशाच मोठ्याने त्या फोनमध्ये म्हणाल्या,

"बसले होते गणपती, वैनी. दोघंय झील इले."

काकूंनी दुसरा हात मागे केला, तो आधी हर्षदने धरला, मग सुशांतनेही.

"हां, नितेश," त्या म्हणाल्या. "आता सांग."